मांडीच्या हाडाचा पास

प्रिय एझ्रा,

तुझे फोन येऊन गेले. मी घरातच होते. फोन वाजत होता तेव्हा त्याच्याकडे बघत बसले होते, आणि थांबल्यावर तो पालथा घालून ठेवला. आईला वाटतंय, तू अंत्यविधीला आला नाहीस म्हणून मी रागावले आहे. तसं नाही, हे मी तिला सांगितलं. डिसेंबरात तुमच्या बेटावरून विमान सुटणं हवेच्या मर्जीवर असतं, आणि मासे मोजायला तुझ्या जागी दुसरं कोणी नसतं, हे आम्हाला कळतं. फोन न उचलण्याचं कारण वेगळं आहे. ते लिहायला मला जड जाणार आहे, म्हणून आधी बाकीचं लिहिते. या पत्रात चूक राहू नये म्हणून मी कच्चं लिहून मग पक्कं करते आहे. तू हसशील. हस.

वेंडेलला शनिवारी निरोप दिला. पुरलं मात्र नाही. जमीन गोठली आहे, त्यामुळे स्मशानाच्या दगडी खोलीत ठेवलं आहे. एप्रिलमध्ये माती सुटली की पुन्हा सगळ्यांनी जमायचं. आजोबांच्या वेळी असंच झालं होतं, तेव्हा मला ते विचित्र वाटलं नव्हतं. आताही वाटत नाही. मला काहीच वाटत नाही, एझ्रा. दातांच्या डॉक्टरकडून आल्यावर ओठ कसा असतो, चावला तरी कळत नाही, तसं झालं आहे. भूक लागते, झोप लागते. वाचनालयात जाते, लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवते, प्राण्यांचे आवाजही काढते. परवा अस्वलाचा आवाज काढताना एक मुलगी म्हणाली, "तू छान करतेस गं." मी तिला धन्यवाद म्हटलं.

कसं झालं ते आईने तुला सांगितलंच असेल. ओढा तळ्याला मिळतो तिथे बर्फ उशिरा धरतो, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. वेंडेलला तर होतंच. तरी दर वर्षी पहिल्या बर्फावर मासे धरायला कोणीतरी जातं, आणि परत आलं की आठवडाभर कॉफीच्या दुकानात त्याचं कौतुक होतं. या वर्षी तो गेला, आणि बर्फ फुटला. काऊंटीचा बर्फ उपसायचा ट्रक काठावर उभा करून गेला होता, चावी तशीच लावलेली. शेरीफच्या माणसाने तो ट्रक बंद केला.

चर्चच्या तळघरात नेहमीसारखं हॅमचे सँडविच, कॉफी, चौकोनी कापलेले गोड बार. आईने बटाट्याचा हॉटडिश नेला होता, मोठ्या काचेच्या भांड्यात. मी भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून आपलं आडनाव लिहिलं, परत यावं म्हणून. मिसेस निएमी, स्वतःच्या पोराच्या अंत्यविधीला, टेबलाटेबलापाशी जात होत्या. त्यांचा चेहरा तुला आठवतो ना, चष्म्याच्या दुकानात समोरच्याच्या नाकावर फ्रेम बसवताना असतो तसाच, काळजीपूर्वक. प्रत्येकाला त्या एकच विचारत होत्या, "तुमच्या फोनमध्ये त्याचा आवाज आहे का हो? एखादा निरोप? अगदी छोटा चालेल." लोक फोन काढून बघत होते आणि मान हलवत होते. कसा असणार? तो कधी निरोप ठेवायचाच नाही. त्याच्या फोनवर कंपनीची बाई बोलायची. कोणी कॅमेरा धरला की तो तोंड मिटायचा. लहानपणापासून. मुलांनी त्याला 'अडकलेली टेप' म्हणायला सुरुवात केली तेव्हापासून. पूर्ण गावात त्याच्या आवाजाचा एक तुकडा नाही. त्या प्रत्येक टेबलाशी थांबल्या आणि शेवटी माझ्यापाशी आल्या. मीही मान हलवली. ते खरंच होतं. माझ्या फोनमध्ये नाही.

मग त्या म्हणाल्या, "फिल्म तरी लावा."

आम्ही शाळेत केलेली ती फिल्म डेल्फीन मिनीॲपोलिसहून घेऊन आली होती. पास्टरनी भिंतीवर पांढरा टेबलक्लॉथ लावला, खालच्या कडेला कॉफीचा डाग होता. दिवे घालवले. तळघराच्या उंच खिडकीला पट्ट्यांचा पडदा आहे, त्यातून दुपारचं ऊन आडव्या रेघांनी लोकांच्या पाठीवर पडलं होतं. मी डेल्फीनकडे पाहिलं, तीही तिकडेच बघत होती. हाच उजेड बनवायला आम्ही पुठ्ठ्याला चिरा पाडून वर्गातल्या प्रोजेक्टरसमोर धरला होता, आणि माझे हात दुखून आले होते. मग पडद्यावर शाळेचा रिकामा कॉरिडॉर आला, दोन्हीकडे लॉकर, टोकाला टोपी घातलेला वेंडेल, आणि तू बोललास. "या शाळेत प्रत्येकाकडे लॉकर आहे, आणि प्रत्येक लॉकरमध्ये एक खोटं आहे. माझ्या लॉकरला कुलूपसुद्धा नाही."

सगळं तळघर रडलं. हॉकीचे कोच नाक शिंकरत म्हणाले, "असला आवाज होता पोराचा, आणि आम्ही त्याला गोलात उभा करून ठेवला मुखवटा घालून!" त्यांच्या बायकोने "गप बसा हो" म्हटलं. मिसेस निएमी अगदी पुढे बसल्या होत्या, हात मांडीवर. त्यांनी एकदाही डोळे पुसले नाहीत.

त्या दिवसापासून मी ती फिल्म मनात मागे-पुढे करते आहे. तुला कदाचित सगळं आठवत नसेल, तू तेव्हा नोकरीला लागला होतास. मला आठवतं, कारण लक्षात ठेवणं हेच माझं काम होतं. कोणत्या हातात टोपी, शर्टचं कोणतं बटण उघडं.

त्याची सुरुवात आईच्या टेबलावरच झाली, नाही का? आपली शाळा म्हणजे ते टेबल. सकाळी बायबल आणि गणित, दुपारी इतिहास आणि पाव. पूर्ण वाक्यात उत्तर, माहीत नसेल तर 'मला माहीत नाही' हेही पूर्ण वाक्यात. पाणी प्यायला उठायचं तर उठायचं, कोणाला विचारायचं नाही. शिकणाऱ्या माणसाला आपली तहान कळायला हवी, असं आई म्हणायची. आणि शुक्रवारी आजोबांच्या खोक्यातल्या, जुन्या डिटेक्टिव्ह सिनेमांच्या टेपा. पाऊस, टोप्या, जिना उतरणाऱ्या सावल्या, सिगारेट मागून खोटं बोलणारी बाई, आणि तो थकलेला माणूस, ज्याला सगळं कळतं पण ज्याचा काही उपयोग होत नाही. त्या संपल्या की तू वाचनालयातून हायस्कूलचे सिनेमे आणायचास, शाळा कशी असते ते बघायला. रंगीत, गोंगाटाचे. नाचाची रात्र, जेवणाच्या हॉलमधली टेबलं, सगळ्यांची लाडकी दुष्ट मुलगी. मला दोन्ही खरे वाटायचे. मी दोन्ही मिळवून एकच जग केलं होतं. माझ्या समजुतीत शाळेतही नेहमी थोडा धूर असायचा.

म्हणून आई रुग्णालयात नोकरीला लागली आणि मला अकरावीला खऱ्या शाळेत घातलं, तेव्हा मी तयारीने गेले होते. तरी पहिल्याच दिवशी जीवशास्त्राच्या तासाला मला तहान लागली आणि मी उठून चालू लागले. शिक्षक बोलत होते. मी दार उघडून बाहेर गेले. बाहेर तो कॉरिडॉर होता, पूर्ण रिकामा, आणि टोकाच्या खिडकीतून पट्ट्यापट्ट्यांचा उजेड फरशीवर पडलेला. मला वाटलं, अरे, हे तर दोन्ही सिनेमे एकत्र. मी तिथेच थांबले. तेवढ्यात उपमुख्याध्यापिका मिसेस ओल्मस्टेड कोपऱ्यावरून आल्या. "पास कुठाय?" मला कळलंच नाही. मी म्हटलं, "मला तहान लागली आहे." "ते मी नाही विचारलं, बाई. पास. पास दाखव." मी पुन्हा सांगितलं की मला तहान लागली आहे. त्यांना तो उद्धटपणा वाटला असणार. मी त्यांच्या जागी असते तर मलाही वाटला असता.

मागून कोणीतरी आलं आणि माझ्या हातात काहीतरी ठेवलं. प्लास्टिकचं मांडीचं हाड. माणसाचं, खऱ्या मापाचं, त्यावर मार्करने खोलीचा नंबर. तास चालू असताना वर्गाबाहेर पडायचं तर परवानगी म्हणून हातात पास धरावा लागतो, आणि जीवशास्त्राच्या वर्गाचा पास तोच होता, कोणी खिशात घालून पळवू नये म्हणून. कलेच्या वर्गाचा पास वल्हं होतं, स्वयंपाकाच्या वर्गाचा तवा. हे तुला मी घरी आल्यावर सांगितलं तेव्हा तू लोळून हसलास. ज्या मुलाने हाड दिलं तो एक शब्दही बोलला नाही. मिसेस ओल्मस्टेड म्हणाल्या, "आणि तुझा, निएमी?" त्याने रिकामे हात दाखवले. "म्हणजे शाळा सुटल्यावर तू ऑफिसात." तो मान डोलावून निघून गेला. मी पाणी प्यायले. हाड परत नेऊन वर्गात जागेवर टांगलं.

नंतर मला कळलं, तो वर्गाबाहेर का होता. आळीपाळीने मोठ्याने वाचायचं असलं की आपली पाळी यायच्या आधी वेंडेल हाड उचलून बाहेर जायचा. इंग्रजीच्या तासाला बदक, इतिहासाच्या तासाला घोड्याचा नाल. शाळेतले सगळे पास त्याच्या हाताच्या घामाने गुळगुळीत झाले होते. शाळेचा कॉरिडॉर त्याच्याएवढा कोणीच पाहिला नव्हता.

मग फिल्मचा वर्ग. तू आणि मी मिळून लिहिलेली पटकथा मी वाचून दाखवली, हायस्कूलमधला डिटेक्टिव्ह, भर तासाला कॉरिडॉरमधून कोट घालून हिंडणारा. पहिल्या पानावरच वर्ग खिदळायला लागला. डेल्फीन मागच्या बाकावर पाय टाकून बसली होती. ती ओरडली, "अगं ए होमस्कूल! तुझा डिटेक्टिव्ह पहिल्या मिनिटातच ओल्मस्टेडबाईंच्या हातात सापडेल. पास कुठाय त्याच्याकडे?" सगळे हसले. मग डेल्फीनचे पाय हळूच खाली आले. "थांबा, थांबा. पासच हरवलाय. हाड गायब आहे. पिक्चर तोच आहे." अशी ती होती. टिंगल करता करता तिला सुचायचं. तुझ्या-माझ्या अडाणीपणातून निघालेली चूक म्हणजे त्या फिल्मची अख्खी गोष्ट.

नायिका तीच झाली, विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष, आजीच्या फरकॉलरचा कोट घालून. नाचाच्या राणीच्या निवडणुकीतली मतं ती बदलते, त्या वेळी कॉरिडॉरमध्ये कोणी असू नये म्हणून हाड लपवते, आणि वर डिटेक्टिव्हलाच ते शोधायला लावते. सिगारेटी चालणार नव्हत्या, म्हणून साखरेच्या कांड्या. धूर म्हणून खडूचे डस्टर आपटले, सगळ्यांना शिंका. पाऊस हवा होता, तर वेंडेल कोट-टोपी घालून मुलांच्या न्हाणीघरातल्या फवाऱ्याखाली उभा राहिला. पाणी गार होतं. डेल्फीन म्हणत होती, "आणखी एकदा, निएमी, तू फारच ओला दिसतोस," आणि तो निमूट पुन्हा उभा राहत होता.

त्याला नायक करायचं ठरलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, "हा? हा बोलेपर्यंत उन्हाळ्याची सुट्टी लागेल." डेल्फीनने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ती म्हणाली, "असल्या पिक्चरमध्ये हिरो बोलतोच कुठे? तो नुसता बघतो. आवाज मागून येतो." मी तेव्हा वेंडेलकडे बघत होते. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते लिहायला मला शब्द सापडत नाही, आणि चुकीचा लिहायचा नाही. जन्मभर ज्याचा आवाज तोंडातून निघता निघता अडकला, त्याला कोणीतरी सांगितलं होतं की तोंडाची गरजच नाही.

त्याला ते स्वतः बोलायचं होतं. हे मला अगदी नीट लिहू दे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. त्याला स्वतःच बोलायचं होतं. तू हार्डवेअरच्या दुकानातून सुटून तुझा छोटा रेकॉर्डर घेऊन यायचास, तळ्याचा बर्फ कण्हतो तो आवाज टिपायला घेतलेला. सामानाच्या खोलीत कोट टांगून तुम्ही दोघं आत बसायचात आणि मी बाहेर दारापाशी, आवाज होऊ नये म्हणून, हातात हाड घेऊन. कोणी आलं की मी हाड वर करायचे आणि ते मागे फिरायचे. दारातून मला शब्द कळायचे नाहीत. फक्त ताल कळायचा. सुरुवात, अडथळा, पुन्हा तीच सुरुवात, पुन्हा अडथळा, मग खूप वेळ काही नाही, मग तुम्ही दोघं हसलेले. रोज थोडं पुढे सरकायचं. आणि एक दिवस दार उघडलं, वेंडेल घामाने निथळत बाहेर आला, आणि आत बोट दाखवून मला म्हणाला की आता एझ्रा बोलेल. तेवढ्याला त्याला बराच वेळ लागला. मी त्याच्या वतीने वाक्य पुरं केलं नाही. आईने आपल्याला तेवढं शिकवलं आहे.

आवाज वेंडेलचाच आहे असं सांगायचं, ही अट त्याची होती. डेल्फीनने गावभर पसरवलं की गाणारी माणसं गाताना अडखळत नाहीत तसंच हे, मायक्रोफोनपुढे तो सुटतो. लोकांना पटलं. जिममध्ये फिल्म दाखवली तेव्हा मिसेस निएमी गर्दीतून वाट काढत आल्या, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "किती छान बोललास रे, बाळा." तो एवढा हसला की मी दुसरीकडे बघितलं. तू मागे खुर्च्या घडी करत होतास.

मी तेव्हा काही बोलले नाही, आणि मला त्याचा सल नाही. ते सांगणं माझं नव्हतं. नंतर कितीतरी गुरुवारी, वाचनालय बंद झालं की आम्ही त्याच्या ट्रकमध्ये तळ्याकाठी मांस-बटाटा भरलेली पास्टी खात बसायचो. हो, गुरुवार. आईलाही माहीत नाही. सांगण्यासारखं अजून काही झालं नव्हतं, होईल असं वाटत होतं एवढंच. माझ्याशी बोलताना तो इतर कोणाहीपेक्षा जास्त अडखळायचा. मी एकदा भीत भीत विचारलं, मी काही चुकीचं करते का? तो म्हणाला, उलट. इतर ठिकाणी तो सोपे शब्द शोधून त्यांच्यावरून उड्या मारत जातो. माझ्याजवळ त्याला हवा तोच शब्द वापरायचा असतो, अडकला तरी. माझ्या नावाच्या सुरुवातीला तो हमखास अडकायचा. मला माझं नाव तेव्हाच आवडायला लागलं. आता ते कोणी घेतलं की फार पटकन संपतं.

मंगळवारी दुपारी मिसेस निएमी आपलं भांडं परत करायला आल्या. घासून लख्ख, आत रिवाजाप्रमाणे काहीतरी घालून. सफरचंदाचा केक होता. आई कामावर होती. मी कॉफी केली. त्यांनी कोट काढला नाही. आईच्या टेबलाशी बसल्या, तुझ्या जागेवर, आणि कपाकडे बघत म्हणाल्या, "तुझा भाऊ छान बोलतो."

मी हातातला चमचा खाली ठेवला. मग म्हटलं, "हो, फिल्ममधला आवाज एझ्राचा आहे."

त्या म्हणाल्या, "अगं, मी आई आहे त्याची. पहिल्याच वाक्याला कळलं मला. 'प्रत्येकाकडे' हा शब्द माझ्या वेंडीने जन्मात कधी सरळ म्हटला नाही. पण तो माझ्याकडे बघत होता गं. पिक्चरकडे नाही, माझ्याकडे. मला आवडतंय का ते बघत होता. मग मी काय म्हणणार? म्हटलं, छान बोललास." पुढे म्हणाल्या, "त्याला वाटायचं, आपण आईला फसवलं. बरं वाटायचं त्याला. मी राहू दिलं." मग त्यांनी कप बाजूला सारला. "पण त्याने आधी स्वतः करून बघितलं असणार. माझा पोरगा करून न बघता सोडणाऱ्यातला नव्हता. हो ना? ते कुठे आहे? मला ते चांगलं नकोय, टॅबिथा. मला ते अडकलेलंच हवंय."

मी म्हटलं, "त्याने प्रयत्न केला होता. रोज केला होता. ते रेकॉर्डिंग आहे की नाही, मला माहीत नाही." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या "बरं" म्हणाल्या. दारात बूट चढवताना म्हणाल्या, "एप्रिलपर्यंत मी त्याची वाट बघितल्यासारखंच करते बघ. वेड्यासारखं. तो अजून इथेच कुठेतरी ठेवलाय ना." मी त्यांच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून दिला.

त्यांच्या मागे मी तळघरात गेले. शेगडीच्या मागच्या फळीवर तुझे कॉफीचे डबे आहेत. एका डब्यात वाकडे खिळे, एका डब्यात कशाच्या कोण जाणे स्प्रिंगा, कारण तू आयुष्यात काही टाकलेलं नाहीस. त्यांच्या शेजारी तो पत्र्याचा चौकोनी डबा, रेकॉर्डरच्या कार्डांचा, वर तुझ्या अक्षरात 'बर्फ, पक्षी, इतर. हात लावू नये.' मी हात लावलेला नाही. समोर एक खुर्ची घेऊन बसले. आतमध्ये तळ्याचा बर्फ कण्हतो आहे आणि त्याच्या शेजारी कदाचित वेंडेल आहे, हे मला कळत होतं, आणि तरी मला काही वाटलं नाही. आईने वरून हाक मारली तेव्हा अंधार पडला होता.

मला माहीत आहे, त्या दिवशी सामानाच्या खोलीत त्याने तुला ते पुसून टाकायला सांगितलं होतं. त्याने मला तसं नंतर सांगितलं. तू त्याला काय उत्तर दिलंस ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तू शब्द दिला असशील आणि पाळला असशील, तर मी मिसेस निएमींच्या दुकानात जाऊन तसं पूर्ण वाक्यात सांगेन. तू शब्द दिला असशील आणि तुझ्या हातून ते पुसवलं नसेल, तर मग काय बरोबर हे मी रोज रात्री ठरवते आणि सकाळी ते ठरलेलं नसतं. त्याला कोणी ऐकावं असं त्याला वाटत नव्हतं. पण जिच्यापासून लपवायचं होतं तिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं, हे त्याला माहीत नव्हतं. ते माहीत असतं तर तो काय म्हणाला असता? तू त्याच्याबरोबर आत होतास. मी दाराबाहेर होते. म्हणून हे मी ठरवायचं नाही, तू ठरवायचंस.

फोन मी याच्यासाठी उचलला नाही, एझ्रा. तू 'हॅलो' म्हणालास की गावाने ज्याला वेंडेल म्हणून रडून निरोप दिला तो आवाज माझ्या कानात येईल, आणि खरा कसा होता ते त्याच्याखाली दबून जाईल. आत्ताच थोडं जायला लागलं आहे. माझ्या नावावर तो किती वेळ थांबायचा ते काल मला नीट आठवेना. म्हणून तू फोन करू नकोस. लिही. एक ओळ पुरे. तो डबा उघडायचा पास मला दे, किंवा देऊ नकोस. दिलास तर मी डबा आहे तसा मिसेस निएमींकडे घेऊन जाईन, त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलावर ठेवीन आणि त्यांना कोणतं बटण दाबायचं ते दाखवीन. मी ऐकणार नाही. दार ओढून घेईन आणि त्यांच्या कॉरिडॉरमध्ये बसेन, कोणी आलं तर थोपवायला. दारातून शब्द कळत नाहीत, फक्त ताल कळतो. तेवढा मला चालेल.

तुझीच, अजून दाराबाहेर थांबलेली,
टॅबिथा